न उजळणाऱ्या रेणूंचे साक्षीदार

वर्णपटाच्या प्रयोगशाळेत माझी उमेदीची वर्षं गेली. त्यातला बराच काळ मी अशा रेणूंच्या मागे होतो, जे ऊर्जा पोटात ठेवतात पण उजेड बाहेर टाकत नाहीत. हे काम नव्यानं हाती घेणाऱ्यांसाठी चार गोष्टी लिहून ठेवतो आहे.

१. रेणू प्रकाश देत नाही म्हणजे तो रिकामा आहे, असं धरून चालू नका. नायट्रोजनचंच बघा. त्याचे दोन्ही अणू सारखे. रेणू कितीही कंप पावला तरी विद्युतभार एका बाजूला सरकत नाही, आणि भार हलल्याशिवाय अवरक्त किरण सुटत नाही. बाहेर पडायला वाट नाही म्हणून ती कंपनऊर्जा रेणूत टिकून राहते. हेच आपल्या कामाला येतं, कारण टक्कर होईपर्यंत ती शिल्लक असते.

२. साक्षीदार, म्हणजे अशा रेणूची ऊर्जा टकरीत घेऊन ती उजेडात दाखवणारा दुसरा घटक, पारखून निवडा. नायट्रोजनची पहिली कंपनपातळी २३३० वेव्हनंबरच्या आसपास आहे आणि कार्बन डायऑक्साइडची एक पातळी २३४९ ला. फरक विसाच्या आत. खोलीच्या तापमानाला रेणूंच्या धावपळीतच दोनशेच्या वर ऊर्जा असते, तिच्यापुढे हा फरक किरकोळ. म्हणून टक्कर झाली की नायट्रोजनची ऊर्जा सहज तिकडे जाते आणि कार्बन डायऑक्साइड ती ४.३ मायक्रॉनच्या किरणांत उघड करतो. बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले सी. के. एन. पटेल यांनी १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये हीच देवघेव वापरली. नायट्रोजन वेगळ्या नळीत विद्युत विसर्जनानं उत्तेजित करून त्यांनी तो कार्बन डायऑक्साइडमध्ये सोडला, आणि १०.६ मायक्रॉनचा लेसर मिळाला. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी आधी हे काम वाचायला लावतो.

३. साक्षीदार एकटा असताना काय करतो, ते आधी बघून घ्या. कारिओ आणि फ्रांक यांनी १९२२-२३ च्या सुमारास पारा आणि थॅलियम यांची वाफ एकत्र ठेवून पाऱ्याच्या दिव्याचा २५४ नॅनोमीटरचा प्रकाश टाकला, तेव्हा थॅलियमच्या रेषा उमटल्या. थॅलियमला तो प्रकाश शोषता येत नाही, म्हणूनच त्या प्रयोगाला वजन आहे. ऊर्जा पाऱ्याकडूनच आली होती.

४. बेंझिनची वाफ २५४ नॅनोमीटरवर उत्तेजित केली की काही रेणू त्रिक अवस्थेत उतरतात आणि तिथून उजेड न देताच विझतात. ते पकडायला बायअसेटिल घालतात. लोण्याचा वास असलेला हा पिवळसर द्रव. त्याची त्रिक पातळी बेंझिनच्या बरीच खाली आहे, पण इथे ते चालतं. रेणू मोठा असल्यानं उरलेली ऊर्जा त्याच्या कंपनांत जिरून जाते. मग नळीत हिरवी स्फुरदीप्ती दिसते. मात्र बायअसेटिल थोडंच घाला, नाहीतर दिव्याचा प्रकाश तेच शोषू लागेल. शिवाय बेंझिनच्या एकल अवस्थेकडूनही त्याला ऊर्जा मिळते, पण त्यातून निघणारी प्रतिदीप्ती क्षणात संपते. हिरवा उजेड मिलिसेकंदाहून जास्त टिकतो. म्हणून स्पंदित दिवा वापरा आणि मोजणी जराशी उशिरा सुरू करा.

५. ऑक्सिजन काढा. हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. नळीचं टोक द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचं, पिवळा द्रव गोठून काचेला धरला की पंप लावायचा, झडप बंद करून हलकेच वितळू द्यायचं. वितळताना बारीक बुडबुडे सुटतात. तीच अडकलेली हवा. बुडबुडे थांबेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करायचं. ऑक्सिजन त्रिक अवस्थेची ऊर्जा फार चटकन पळवतो, आणि मग हिरवा उजेड मंद का, याची कारणं माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

६. एका दाबावरच्या आकड्यावर निष्कर्ष काढू नका. ऊर्जा पळवणाऱ्या वायूचा दाब टप्प्याटप्प्यानं वाढवा आणि उजेड किती पटींनी घटला ते आलेखावर मांडा. स्टर्न आणि फोल्मर यांनी १९१९ मध्ये दाखवल्याप्रमाणे सरळ रेषा यायला हवी. आयुर्मान माहीत असलं तर तिच्या चढावरून टकरींचा वेगांक मिळतो. रेषा वाकली, तर मध्ये आणखी काहीतरी घडतं आहे. मिश्रण बदलून, तापमान बदलून ते आधी शोधा, आणि मगच लिहायला बसा.