नोएडातले फायबर आणि बिलाचे सॉफ्टवेअर

प्रश्न : नोएडा व पूर्व दिल्लीत आमची परवानाधारक फायबर ब्रॉडबँड सेवा आहे. ग्राहक हजाराच्या आत, हिशेब एक्सेलवर. सॉफ्टवेअर घेताना काय पाहू?

उत्तर : आधी कर पाहा. दूरसंचार परवान्यात नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद, गुरुग्राम हे सारे दिल्लीच्याच सेवाक्षेत्रात येतात. जीएसटीला मात्र ती तीन राज्ये आहेत. दर सगळीकडे १८ टक्केच, पण पुरवठ्याचे ठिकाण ठरते ते लाइन जिथे बसवली तिथे. मालक मयूर विहारला राहतो आणि जोडणी सेक्टर ६२ मध्ये, तर बिल उत्तर प्रदेशचे. म्हणून बिलाचा पत्ता आणि जोडणीचा पत्ता वेगळे न ठेवणारे सॉफ्टवेअर मी तुम्हाला घेऊ देणार नाही.

दुसरे, बिलिंग रेडियस सर्व्हरशी जोडलेले हवे. पैसे जमा होताच लाइन आपोआप सुरू झाली पाहिजे. रात्री अकराला कुणाला फोन करावा लागू नये. ओएलटीकडून प्रत्येक ग्राहकाची प्रकाशपातळी दिसली तर फारच उत्तम. नेहमीच्या जीपॉनमध्ये ती उणे २७ डीबीएमच्या खाली घसरू लागली, की तक्रार येण्याआधीच माणूस पाठवता येतो.

वापराच्या नोंदी डिसेंबर २०२१ च्या परवाना-दुरुस्तीनुसार किमान दोन वर्षे जपाव्या लागतात. त्यांची जागा आणि खर्च आधीच विचारा.

करारापूर्वी तुमचा सगळा डेटा एकदा बाहेर काढून दाखवायला सांगा. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर दुसरा शोधा.