खिशातील चाकूचे पोलाद

चाकू ही वस्तू दिसावयास लहान. परंतु व्यापाऱ्याच्या दिवसात तिचा हात लागत नाही असा प्रहर क्वचितच जातो. गासडीची सुतळी कापणे, पुडके उघडणे, पाकीट फोडणे, नमुन्याची पिशवी उसवणे, दुपारी पेरू चिरणे, ही सारी कामे एकाच घडीच्या चाकूने होतात. असे असूनही तो विकत घेताना आपण मुठीची चकाकी पाहतो, पाते कशाचे आहे हे विचारीत नाही. या अज्ञानाची किंमत आम्ही एकदा मोजली आहे. म्हणून हा विषय वाचकांपुढे मांडीत आहोत.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका घाऊक विक्रेत्याकडून दोन डझन चाकू मागविले. पात्यावर ‘स्टेनलेस’ एवढाच शिक्का होता. चातुर्मास उलटला तरी एकाही पात्यावर तांबूस ठिपका पडला नाही, म्हणून आम्ही निश्चिंत झालो. परंतु आमच्याच पेढीवरील एक मुलगा सुतळी कापीत असता बोथट पाते चालेना. त्याने जोर केला, पाते निसटले आणि तळहातास चार टाके पडले. चूक मुलाची नव्हती. न पारखता माल ठेवणाऱ्या आमची होती. ज्या गिऱ्हाइकांना ते चाकू दिले होते, त्यांना बोलावून आम्ही पैसे परत केले.

चूक कोठे झाली हे समजण्यास आपल्या धार जिल्ह्याचेच उदाहरण उपयोगी पडेल. धार येथे दिलावरखानाने १४०५ साली बांधविलेल्या लाट मशिदीच्या आवारात प्राचीन लोहस्तंभाचे तीन तुकडे आहेत. परंपरा तो राजा भोजाचा मानते. कानपूरच्या आय.आय.टी.तील डॉ. आर. बालसुब्रमण्यम यांनी या स्तंभाचा अभ्यास केला होता. या लोखंडात कर्ब अत्यल्प व स्फुरद अधिक. स्फुरदामुळे पृष्ठभागावर रक्षक थर बनतो व गंज आत शिरत नाही. शतकानुशतके ऊनपाऊस सोसूनही तो टिकला. पण त्याच लोखंडाचे पाते केले तर ते दोन दिवसांत बोथट होईल. कारण धार टिकते ती कर्बामुळे. सारांश, गंज न चढणे आणि धार टिकणे हे दोन निराळे गुण आहेत. आमच्या चाकूंत पहिला होता, दुसरा नव्हता.

आता पोलादाचे मुख्य दोन वर्ग पाहू. पहिला साधे कर्बयुक्त पोलाद. ‘१०९५’ या प्रसिद्ध जातीत कर्ब शेकडा सुमारे एक असतो. हे पाते सहाणेवर लवकर लागते व तीक्ष्ण होते. परंतु लिंबू कापून तसेच ठेवले तर काळवंडते, पावसाळ्यात गंजते. दुसरा वर्ग बिनगंजी पोलादाचा. १९१३ साली इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियम मिसळून असे पोलाद तयार केले. चाकूच्या पात्यात क्रोमियम बहुधा शेकडा तेरा ते अठरा असते. ‘४२०’ जातीच्या स्वस्त प्रकारांत कर्ब कमी, म्हणून धार लवकर जाते. ‘४४०-सी’ जातीत कर्ब सुमारे एक टक्का, म्हणून ती अधिक टिकते, पण पुन्हा लावण्यास श्रम पडतात.

तथापि केवळ जात पाहून भागत नाही. पोलादास पाणी कसे दिले यावर बरेच अवलंबून असते. तापवून एकदम थंड केलेले पाते कठीण पण ठिसूळ होते. मग बेताने पुन्हा तापवून त्यात चिवटपणा आणावा लागतो. रॉकवेल मापावर ५६ ते ५८ कठिणता रोजच्या कामास पुरेशी होय. ५४ च्या खाली धार वळते. ६० च्या वर ती दीर्घकाळ टिकते, परंतु निष्काळजी हातात तिचे टवके उडतात.

मग घ्यावे कोणते? पेढीवर बसणाऱ्यास, ज्याचा चाकू घामाच्या खिशात राहतो, त्यास कर्ब अर्धा ते पाऊण टक्का व क्रोमियम चौदा टक्क्यांच्या आसपास असलेले पाते योग्य. जो नित्य सहाण वापरतो व पाते पुसून तेलाचे बोट फिरवितो, त्याने साधे पोलाद खुशाल घ्यावे.

पारख करताना लोहचुंबकावर विसंबू नये. स्टेनलेसच्या ताटवाट्यांस चुंबक सहसा चिकटत नाही, परंतु पात्याच्या बिनगंजी पोलादास तो चिकटतोच. त्यापेक्षा विक्रेत्यास पोलादाची जात विचारावी आणि नमुन्याच्या चाकूने सुतळीचे वीस तुकडे करून मग कागद कापून पाहावा. कागद फाटू लागला तर तो माल घेऊ नये.

कायद्याचेही भान हवे. मध्यप्रदेशात १९७४ च्या अधिसूचनेन्वये सहा इंचांहून लांब वा दोन इंचांहून रुंद पात्याचे धारदार शस्त्र, तसेच कळ दाबताच उघडणारा कोणत्याही मापाचा चाकू, सार्वजनिक जागी विनापरवाना बाळगता येत नाही. तीन इंचांचे, हाताने उघडणारे पाते आपल्या सर्व कामांस पुरते.

पोलादाचे पोट गिऱ्हाइकास दिसत नाही; त्यास दिसतो तो आपला शब्द. तो खरा ठेवावयाचा तर माल आधी आपण पारखावा, मग विकावा.