चवथीपूर्वीचे चार शब्द

ओरोस,
श्रावण शुद्ध पंचमी

चि. बाळ यास,

तुझे पत्र पावले. काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या आठ बायकांना गणपतीच्या चवथीला काही द्यावेसे वाटते, परंतु बियांच्या खरेदीत भांडवल गुंतल्याने हात आखडला आहे, असे तू लिहितोस. इच्छा स्तुत्य आहे, म्हणूनच आधी कठोर बोलतो: मजुरी ठरल्या तारखेस पुरती चुकती झाल्यावाचून दिलेले बक्षीस हे बक्षीस नव्हे. माझ्या एका सहकाऱ्यास निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळाले, पण वेतनातील फरकाची रक्कम दोन वर्षे दप्तरात पडून राहिली; ती शाल त्याने कधी पांघरली नाही. किमान बोनस हा कामगाराचा हक्क असल्याचे कायद्याने ठरविले आहे. तुझा लहान कारखाना त्या कायद्याच्या कक्षेत येवो वा न येवो, जे हक्काचे आहे त्यास उपकाराचे नाव देऊ नये, हे तत्त्व तुलाही लागू आहे. हातमोजे आणि बोटांना लावायचे खोबरेलही बक्षिसात धरू नकोस. सालीतील तेलाने कातडी जळते, तेव्हा ती कामाचीच साधने होत.

आता अल्प खर्चात काय करता येईल ते पाहा. काजूगराची '320' ही प्रत म्हणजे एका पौंडात 300 ते 320 अख्खे गर. गर दुभंगला की त्याची पाकळी होते आणि भाव उतरतो. म्हणजे तुझा नफा त्या काळवंडलेल्या बोटांच्या हलक्या दाबात आहे. जिच्या ताटात पाकळी कमी पडते, तिला सर्वांदेखत, नाव घेऊन, त्याच दिवशी तसे सांग, आणि तिची इच्छा असल्यास तिला प्रतवारीचे काम शिकवून त्याप्रमाणे मजुरी वाढव.

दुसरे दान वेळेचे. भातलावणीला रजा मागण्याची वेळ कुणावर येऊ नये, ती रजा आधीच ठरवून दे. आंगणेवाडीच्या जत्रेचा दिवस मात्र तिथीने नव्हे, देवीच्या कौलाने ठरतो, म्हणून त्या रजेची जागा हजेरीपटात मोकळी ठेव. चवथीची मजुरी चार दिवस आधी वाटलीस, तर गणपतीवर बांधायच्या माटवीचे सामान आणि मुलांचे कपडे उधारीवाचून घरी येतील. तुला एका पैचाही जादा खर्च नाही.

ज्यांचे आडनाव आपल्या मालवण तालुक्यातील किर्लोस गावाची आठवण देते, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानातील माळरानावर कारखाना काढला, तेव्हा यंत्रांबरोबर कामगारांची वस्तीही वसविली. तुला वाडी वसविता येणार नाही. पण काम करणाऱ्याला घर आहे, शेत आहे, देव आहे, हे ध्यानात ठेवण्यास भांडवल लागत नाही.

मजुरी वाटून झाली की एका ओळीचे पत्र टाक. भेटवस्तूंचा विचार आपण त्यानंतर करू.

तुझा शुभचिंतक,
मामा