प्रथमोपचाराचा वर्ग देवळातच का?

गेल्या उत्सवात दर्शनाच्या रांगेतील एक वृद्ध गृहस्थ मूर्च्छा येऊन पडले. आम्ही धावलो, भोवती कडे केले आणि त्यांच्या मुखात तीर्थ घातले. सुदैवाने ते सावध झाले. मागाहून आम्हांस कळले की, बेशुद्ध माणसास नीट गिळता येत नाही. तोंडात घातलेले पाणी श्वासनलिकेत जाऊन प्राणावरही बेतते. आमची श्रद्धा खरी होती, ज्ञान मात्र तोकडे होते.

हे ज्ञान देणारे वर्ग सेंट जॉन अँब्युलन्स व १९२० साली स्थापन झालेली भारतीय रेडक्रॉस या संस्था चालवितात. असा वर्ग देवळातच भरवावा, असे आम्हांस वाटते; कारण संकट येथेच ओढवते. रुग्णवाहिका कोणत्या दाराशी लागेल, १०८ या क्रमांकावर दूरध्वनी कोण करील, गर्दी मागे कोण सारील, समईने भाजलेला हात वीस मिनिटे गार पाण्याच्या धारेखाली धरण्यास जवळचा नळ कोणता, हे जागेवरच ठरते. हृदयक्रिया बंद पडल्यास छातीच्या मध्यभागी मिनिटास १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा लागतो. रुग्ण त्यासाठी कठीण जमिनीवर हवा. सरावास सभामंडपाची फरशी उत्तम.

म्हणून प्रत्येक घरातून निदान एकाने वर्गास यावे, ही विनंती. तीर्थ आम्ही देऊच. परंतु माणूस पूर्ण सावध झाल्यावर.