धक्का शोषणारा भाग : हक्क कोणाचा ?

पालघर जिल्ह्यातील मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, सूर्या नदीच्या पुलापाशी ४ सप्टेंबर २०२२ रोजी झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह दोघांचा मृत्यू झाला आणि वाहनसुरक्षेचा प्रश्न देशापुढे ठळकपणे आला. या महामार्गापासून थोड्याच अंतरावर बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. तेथे सुटे भाग घडविणाऱ्या लघुउद्योजकाने सुरक्षेबरोबरच कायद्याची बाजूही जाणून घ्यावयास हवी.

आदळलेले वाहन १० सेंटीमीटरऐवजी ५० सेंटीमीटर चुरडत थांबले, तर सरासरी धक्का एक पंचमांश होतो. याच तत्त्वावर बेला बारेनी या अभियंत्याने पुढचा व मागचा भाग चुरडणारा, परंतु मधला भाग भक्कम राहणारा मोटारीचा सांगाडा कल्पिला. त्यासाठी १९५१ साली जर्मनीत एकस्वाचा (पेटंटचा) अर्ज करण्यात आला आणि १९५२ साली एकस्व मिळाले.

आता भेद पाहू. भाग धक्का कसा शोषतो, ही नवी युक्ती एकस्वाचा विषय होय. त्याची मुदत अर्जाच्या दिनांकापासून २० वर्षे असते. भागाचे केवळ बाह्य रूप हा डिझाइन नोंदणीचा विषय असून, तिची मुदत १० वर्षे व वाढीव ५ वर्षे असते. केवळ कार्यासाठी आवश्यक असलेल्या रचनेस डिझाइनचे संरक्षण मिळत नाही.

हा हक्क न्यायालयात कसोटीस लागतो. पुण्याच्या बजाज ऑटोने दोन स्पार्क प्लगच्या इंजिनावरील एकस्वाच्या आधारे टीव्हीएसविरुद्ध दावा केला. मद्रास उच्च न्यायालयाने २००८ साली दिलेला अंतरिम मनाई हुकूम खंडपीठाने २००९ साली उठविला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने असे दावे त्वरेने निकालात काढण्यास सांगितले. तरीही तडजोड होण्यास २०१९ साल उजाडले ! इतकी वर्षे खटला चालविणे लहान कारखानदारास कसे परवडावे ?

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नवी युक्ती ग्राहकास अथवा प्रदर्शनात दाखविण्यापूर्वी अर्ज करावा. आधी उघड झालेल्या युक्तीचे नावीन्य सहसा उरत नाही. दुसऱ्याच्या नकाशाबरहुकूम माल घडविताना हक्काची जबाबदारी करारात नोंदवून घ्यावी; ‘मागणीप्रमाणे केले’ एवढ्याने उत्पादक सुटत नाही. आणि दावा आलाच तर घाबरू नये. ती युक्ती पूर्वीपासून ज्ञात होती, हे सिद्ध करण्याची मुभा कायद्याने प्रतिवादीस दिलेली आहे. त्यासाठी जुने नकाशे व दिनांकित नोंदी जपून ठेवाव्यात. लहान कारखान्याची खरी ढाल तीच होय.