घरातील धूर : चूल व बंब
(इयत्ता चौथी, परिसर अभ्यास : पाठाची दिशा)



थंडीच्या दिवसांत बारामती व इंदापूर तालुक्यांतील गावांत पहाटे गेल्यास घरांवर धुराचा पांढरट पट्टा साचलेला दिसतो. जमिनीलगतची हवा वरच्या हवेहून थंड असल्याने धूर वर न जाता खालीच रेंगाळतो. अंगणात बंब व आत चूल पेटलेली असते. वेडी बाभूळ, तुराट्या, गोवऱ्या, पाचट हे त्यांचे जळण. गाळप हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोपीत तान्ही मुले चुलीजवळच निजतात. वर्गात खोकत बसलेले मूल पुष्कळदा अशा धुरातून उठून आलेले असते.

उद्देश : धूर म्हणजे पुरते न जळलेले जळण होय, हे मुलांनी स्वतः पाहून समजून घ्यावे, धूर कमी करण्याचे उपाय सांगता यावेत.

साहित्य : मेणबत्ती, पांढरी बशी, सांडशी, ओल्या व वाळलेल्या काड्या.

प्रस्तावना : येथे माझी एक चूक सांगतो. हा पाठ घेताना ‘कोणाच्या घरी गॅस नाही?’ असा प्रश्न मी एकदा केला. एका मुलीने हात अर्धा वर केला व लगेच खाली घेतला. त्यानंतर ती तासभर बोलली नाही. वास्तविक चुलीविषयी वर्गात सर्वांत अधिक ज्ञान तिलाच होते. म्हणून प्रश्न असा विचारावा : ‘चूल केव्हा धुमसते?’ ‘सरपण ओले असले म्हणजे’, ‘राख साचली म्हणजे’, अशी उत्तरे मुलेच देतील. पाठाचा गाभा त्यांतच आहे.

प्रयोग : हा शिक्षकांनी स्वतः करावा. सांडशीत बशी धरून ज्योतीच्या पिवळ्या भागात क्षणभर न्यावी, काजळी धरते. ज्योतीच्या टोकाच्या बरीच वर धरल्यास काजळी फारशी धरत नाही. नंतर पटांगणात ओली व वाळलेली काडी पेटवून धुरातील फरक दाखवावा.

विवेचन : जळण वाळलेले असून त्यास भरपूर हवा मिळाली, तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ होते. हवा अपुरी पडल्यास काजळी, सूक्ष्म कण व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. या वायूस रंग नाही, वासही नाही. म्हणून बंद खोलीत शेगडी किंवा बंद न्हाणीत बंब कधीही पेटवू नये. अडीच मायक्रॉनहून लहान कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनही बारीक असून फुप्फुसांत खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. त्यांत पाच वर्षांखालील दोन लाखांहून अधिक बालके होती.

हा प्रश्न केवळ खेड्यांचा नव्हे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडन शहरावर पाच दिवस दाट धुके व धूर साचून हजारो माणसे दगावली. घरोघरी जळणारा दगडी कोळसा हे त्याचे एक प्रमुख कारण होते. १९५६ साली तेथे स्वच्छ हवेचा कायदा झाला.

फलकलेखन :
१. सरपण वाळवून, बारीक फोडून वापरावे.
२. चुलीतील व बंबाच्या जाळीखालील राख रोज काढावी.
३. दार, झरोका उघडा ठेवावा. धुराडे असल्यास साफ करावे.
४. तान्ह्या मुलास चुलीपासून दूर ठेवावे.
५. बंब पेटविण्यास प्लास्टिक, रबर, जुनी चप्पल वापरू नये.

स्वाध्याय : घरातील जळणाची नावे लिहा. राख काढण्यापूर्वी व काढल्यानंतर बंबाचा धूर पाहून फरक नोंदवा.

२०१६ पासून उज्ज्वला योजनेतून पुष्कळ घरी गॅस पोहोचला. तथापि भाकरी व आंघोळीचे पाणी यांसाठी अनेक घरी चूल व बंब चालूच आहेत. याबद्दल मुलांच्या आईस दोष देणे योग्य नाही. सर्वांत अधिक धूर तीच सोसते. आपल्या शाळेचा पोषण आहार चुलीवर शिजत असल्यास पहिला उपाय तेथेच करावा. मुले सांगितलेल्यापेक्षा पाहिलेले अधिक लक्षात ठेवतात.