तक्षक आणि घरची पाल : शेतकऱ्याने जाणावयाची माहिती

पाल चुकचुकली की कार्य लांबणीवर टाकावे आणि दिसली की केरसुणीने मारावी, अशी आपल्या वऱ्हाडात पुष्कळ घरांची रीत आहे. हा प्राणी शेतकऱ्याचा मित्र की शत्रू, याचा विचार मात्र क्वचितच होतो. तो विचार करण्यास पालीच्या एका थोरल्या भाऊबंदाची ओळख उपयोगी पडेल.

हा भाऊबंद म्हणजे बंगालीत ज्यास 'तक्षक' म्हणतात तो प्राणी होय. परीक्षित राजास दंश करणाऱ्या नागाचे नाव त्यास मिळाले असले, तरी तो साप नव्हे व विषारीही नव्हे. ईशान्य भारत, बंगाल व तेथून आग्नेय आशियापर्यंत तो आढळतो. भातकुलीकडे तो नाही. लांबी सुमारे एक फूट, रंग निळसर राखाडी व अंगावर नारिंगी ठिपके असतात. इ. स. १७५८ मध्ये लिनीयसने त्याची शास्त्रीय नोंद केली.

तो निशाचर आहे. झुरळे, टोळ, भुंगेरे हे त्याचे मुख्य अन्न. प्रसंगी लहान पाली व उंदरांची पिलेही तो खातो. आरंभी खरखर करून मग 'टो-के, टो-के' असे तो अनेक वेळा ओरडतो. ही हाक बहुधा नराची असते. मादीस बोलावणे व दुसऱ्या नरास दूर ठेवणे हा तिचा हेतू. आपल्या पालीचे चुकचुकणेही अशाच कामाचे आहे, त्यात शुभाशुभ काही नाही. मादी एका वेळी बहुधा दोन अंडी भिंतीस वा झाडाच्या सालीस चिकटविते. तक्षकाचा चावा घट्ट बसतो, परंतु त्याने विषबाधा होत नाही.

आपली पालही विषारी नाही. दिव्याभोवतीचे पतंग, डास, झुरळे व पावसाळ्यात उडणारी पंखांची वाळवी ती खाते. कोठीतील ज्वारीवरचे पतंगही तिचे भक्ष्य होत. मात्र दाण्याच्या पोटातील किडा तिच्या आटोक्यात नाही, म्हणून धान्य उन्हात वाळविणे सोडू नये. पालीच्या विष्ठेतून रोगजंतू पसरू शकतात. यास्तव दूध व अन्न झाकून ठेवावे, आणि पाल पडलेले अन्न विषाच्या भीतीने नव्हे, तर स्वच्छतेसाठी टाकून द्यावे.

बांधावरच्या दगडांखाली कधी ठिपक्यांची, जाड शेपटीची व पापण्या असलेली मोठी पाल निघते. तिच्या गटातील एका जातीस २०१४ साली सातपुड्यावरून शास्त्रीय नाव मिळाले. तीही निर्विष आहे. तिला मारू नये.

शेवटी एक सावधगिरीची सूचना. तक्षकाच्या मांसाने एड्स बरा होतो, अशी अफवा उठवून त्याचा चोरटा व्यापार झाला. २०११ साली फिलिपाइन्सच्या आरोग्यखात्याने या उपचारास आधार नसल्याचे जाहीर केले, आणि २०१९ साली आंतरराष्ट्रीय करारान्वये त्याच्या व्यापारावर नियंत्रण आले. तेव्हा लाखो रुपयांचे आमिष दाखवून कोणी मोठी पाल मागू लागल्यास तो व्यवहार फसवणुकीचा समजावा, आगाऊ पैसा देऊ नये व वनखात्यास कळवावे.